सिमांगची मूठ

लुंबान, ५ मार्च

दित्से पुरिंग,

आधीच सांगून टाकते, हे पत्र नाही, व्यायाम आहे. नऊ वर्षांनी धाकट्या बहिणीचं अक्षर दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस आणि हे चुलीतही घालू नकोस. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. पत्र फाडायचं म्हटलं तरी ते हातात घ्यावं लागतं.

नोव्हेंबरात बाजाराच्या ओल्या पायऱ्यांवरून मी घसरले आणि उजव्या मनगटावर आपटले. पिशवीतले मासे वाचले, मनगट गेलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले झालं. पण झालं नाही. सुई धरली की हात थरथरायला लागतो आणि दुखणं मानेपर्यंत चढतं. तीन महिने मी एक टाका घातलेला नाही. भरतकामावाचून मी दिवसभर काय करते असं विचारशील, तर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर ओरडते.

म्हणून मी आठवड्यातून दोनदा शेजारच्या सांता क्रूझ गावच्या दवाखान्यात जाते. तिथे जोवेलिन नावाची मुलगी आहे. डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी विचारलं, मग तू आहेस तरी कोण? म्हणाली, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे काय, तर माणसाचं रोजचं काम त्याच्या हातात परत आणून देणारी. मी म्हटलं, मग सुई आण, वेळ कशाला घालवतेस? तिने सुई आणली नाही. मला खुर्चीत नीट टेकून बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, मूठ आवळा.

रोज दहा ओळी लिहायच्या हा तिचाच हुकूम. मी म्हटलं, मला लिहायला कोणी नाही. तर ती म्हणते, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांना लिहा नानाय, त्यांना सांगायचं खूप साठलेलं असतं. मला नानाय म्हणते, जणू मी तिची आईच. पोरगी चुरचुरीत आहे. आता तूच एक उरलीस, त्याला मी काय करू?

मी माफी मागायला बसलेय असं मात्र समजू नकोस. कोणी कोणाची मागायची ते अख्ख्या लुंबानला माहीत आहे. चौकटीवरचं कापड तुझ्या बाजूनं फाटत गेलं होतं. असो, जे झालं ते झालं. ओळी दहाच्या वर गेल्या.

सिमांग

लुंबान, १९ मार्च

दित्से,

तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते.

हा व्यायाम म्हणजे अंगाचा एकेक भाग घ्यायचा, तो आवळायचा, पाच मोजेपर्यंत तसाच धरायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. सोडल्यावर गप्प बसून त्या भागाला कसं वाटतं ते बघायचं. डाव्या हाताची मूठ पूर्ण जोर लावून. उजव्याची, पपई पिकली का बघताना आपण बोटांनी दाबतो, तेवढीच. जरा जास्त दाबलं की जोवेलिन ओरडते. मग दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, शेवटी पायाची बोटं. पहिल्या दिवशी मी विचारलं, यात काम कुठे आहे? आवळून तर मी सगळा जन्म काढलाय, ते शिकायला जीपनीने धक्के खात इथवर कशाला येऊ? ती म्हणाली, आवळायला नाही, सोडायला येताय.

परक्या पोरीसमोर डोळे मिटून बसायचं मला जिवावर आलं होतं. मी एक डोळा किलकिला ठेवायचे. तिने ते पाहिलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, आता मला काही दिसत नाही, पण मला ऐकू येतं. तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण थोड्या वेळाने तिने जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहिते.

"नानाय, तुम्ही आवळता झकास. सोडत मात्र नाही."

"सोडली की मूठ. ही बघ, उघडी आहे."

"मूठ उघडलीत, पण त्याच वेळी दात आवळलेत. दात सोडा म्हटलं तर पोट आत ओढाल. तुमच्या घरात एक दार उघडलं की दुसरं लागतं."

मला राग आला. घरी येऊन आरशासमोर बसून बघितलं, तर मेली खरं बोलत होती. धागा दातानं तोडायची माझी सवय तुला माहीत आहे. माझा जबडा चाळीस वर्षं धागा तोडायच्या तयारीतच बसलाय.

पण एक सांगते. काल पायाच्या बोटांपर्यंत पोचले, सोडली, आणि मला खुर्चीतच झोप लागली. जागी झाले तेव्हा माझ्या मांडीवर पातळ चादर होती आणि जोवेलिन पुढच्या माणसाला बाहेर थांबवून दारात उभी होती. इतकी गाढ मी आई गेल्यापासून झोपले नव्हते. आज सकाळी मुद्दाम जाऊन तिच्यासाठी केळीच्या पानात बांधून म्हशीच्या दुधाचं ताजं चीज नेलं.

सिमांग

लुंबान, ९ एप्रिल

दित्से,

मध्ये तीन आठवडे लिहिलं नाही, कारण माझं आणि जोवेलिनचं वाजलं होतं. त्यात तू असतीस तर माझ्याच बाजूनं बोलली असतीस, म्हणून सांगते.

व्यायाम झाला की ती मला म्हणायची, आता हात धुऊन या, म्हणजे कापडाला घाम लागणार नाही, मग आपण थोडं सुईचं काम करू. ऐकलंस? आवळून आवळून तापलेले, दमलेले हात, आणि त्यावर नळाचं थंड पाणी. तापलेल्या हातावर पाणी घेतलं की शिरा आखडतात, हात कापायला लागतात, पासमा होतो. हे आपल्या आईने आपल्याला चालायला यायच्या आधी शिकवलं. कपडे धुतल्यावर, इस्त्री केल्यावर, दिवसभर टाके घातल्यावर आपण कधी हात ओले केलेत का? आणि माझा हात तर आधीच कापतोय.

पण शिकल्यासवरलेल्यांच्या दवाखान्यात नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणायचे. मोरीपाशी जायचे, नळ सोडायचे, पाणी वाहताना बघत उभी राहायचे, नळ बंद करायचे आणि टॉवेलला हात पुसून परत यायचे. असं मी चार वेळा केलं. पाचव्या वेळी ती टॉवेल हातात घेऊन म्हणाली, नानाय, चारही वेळा हा कोरडाच कसा?

मग मला सांगावं लागलं. ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. शिरांबद्दल काहीतरी शिकलेलं बोलायला लागली. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, तुझ्या आजीला विचार, आणि निघून आले. दोन आठवडे गेलेच नाही. मनात म्हटलं, हाताचं काय व्हायचं ते होवो.

तिसऱ्या आठवड्यात उशीच्या अभ्र्याला एक साधी टीप मारायला बसले. सुईत दोरा ओवता येईना. अर्धा तास बसले असेन. दित्से, मी रडले. चौसष्टाव्या वर्षी मला सुईत दोरा ओवता येत नाही, मग मी आहे कशाला? हात गेला म्हणजे माझं सगळं गेलं. तुला मुलगा आहे, नातवंडं आहेत. मला ही दहा बोटंच आहेत. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून गेले.

तर तीच आधी बोलली. म्हणाली, मी आजीला विचारलं. आजीने मला झापलं. लहानपणी इस्त्री केल्यावर ती मला सकाळपर्यंत हात धुवू द्यायची नाही, आणि कॉलेजात चार वर्षं घालवून मी नेमकं तेवढंच विसरले. मग म्हणाली, मी पाण्याचं नाव काढलं की दर वेळी तुमचे खांदे कानाला लागायचे. ते मला दिसत होतं, आणि मी विचारलं नाही. ज्याने तुमचं अंग घट्ट होतं ते मीच व्यायामाच्या शेवटी ठेवलं होतं, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

आता आम्ही उलटं करतो. आल्या आल्या कोमट पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग व्यायाम, मग बोटांना पावडर लावून थेट कापडाकडे. परवा मी पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. जोवेलिनने टाळ्या वाजवल्या, बाहेरच्या बाकावरची लकवा झालेली माणसंसुद्धा डोकावून बघायला लागली. मी फार खुशीत आहे.

सिमांग

लुंबान, २७ एप्रिल

दित्से,

तुझ्या लुसेनाहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने काल माझ्या नावाने एक बाटली आणून दिली. खोबरेल तेल, आत आल्याचे तुकडे. चिठ्ठी नाही, नाव नाही. पासम्यावर आई हेच तेल चोळायची आणि आलं असं तिरकं कापणारी माणसं जगात दोनच होती, त्यातली एक देवाघरी आहे. मी काही म्हणत नाही. तेल चांगलं आहे, रोज लावते.

आता जोवेलिन मला छोट्या चौकटीवर काम देते. अननसाच्या पानांच्या धाग्याचं कापड तिने कुठूनतरी वीतभर पैदा केलंय. धागे मोजून काढायचे आणि उरलेल्यांची जाळी बांधायची, आपलं नेहमीचंच काम. पण दर पाच टाक्यांनी थांबायचं, खांदे वर न्यायचे, सोडायचे, श्वास सोडायचा आणि मग सहावा टाका. सुरुवातीला मला वाटलं, अशानं एक बाही भरायला दोन वर्षं लागतील. पण आता खांदे आपसूक खाली येतात. हात कापत नाही.

म्हणजे कापत नव्हता. मंगळवारी तिला वाटलं, मी एकटी कंटाळत असेन. ती चौकटीच्या पलीकडे माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि कापडाची कड धरली. माझा हात परत थरथरायला लागला. तिने खुर्ची उचलली आणि बाजूला येऊन बसली. थांबला. पुन्हा समोर गेली. पुन्हा सुरू.

"नानाय, तुमच्या समोर कोण बसायचं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

ती म्हणाली, आजचा व्यायाम तेवढाच. हे लिहितानाही माझे दात आवळलेले आहेत, एवढं सांगते आणि थांबते.

सिमांग

लुंबान, १८ मे

दित्से,

आज दहा ओळींत होणार नाही.

गेले तीन आठवडे जोवेलिन दर खेपेला माझ्या समोरच बसते. मीच सांगितलं तिला. पहिल्यांदा खोलीच्या टोकाला, मग हळूहळू जवळ, मग चौकटीपाशी. हात आता फारसा कापत नाही. पण परवा काम संपल्यावर तिने कापड उजेडात धरलं आणि मला ते दिसलं. जाळीची घरं चौकोनी नव्हती. सगळी माझ्याकडे ओढलेली होती. तिला त्यातलं काही कळत नाही, ती म्हणाली, किती सुंदर. समोर कोणी बसलं की मी धागा ओढते, दित्से. माझ्या नकळत ओढते. अननसाचं कापड थोडं सहन करतं, मग मधोमध जातं.

आईशप्पथ सांगते, नकळत हा शब्द मी वर उगाच लिहिला. त्या दिवशी मला कळलं होतं.

नवरीच्या डोक्यावरचं ते वस्त्र आपण दोघींनी समोरासमोर बसून चार महिने भरलं. फाटलं त्याच्या आदल्या दिवशी दुकानाची मालकीण आलिंग चायोंग काम बघायला आली होती. तुझ्या बाजूवरून बोट फिरवून म्हणाली, पुरिंगच्या जाळीतून वारासुद्धा परवानगी मागून जाईल. माझ्या बाजूकडे बघून म्हणाली, हीपण चांगलीच आहे. त्या चांगलीचवर मी रात्र काढली. सकाळी बसले ती दात आवळूनच. तुझ्यापेक्षा ताठ, तुझ्यापेक्षा रेखीव करायचं, एवढंच डोक्यात. दुपारी माझ्या हाताखाली पहिला धागा तुटला. आवाज नाही झाला, पण बोटाला कळतं. मी गप्प बसले. मग दुसरा, मग सगळी रांग मधोमध तुझ्यापर्यंत उसवत गेली. चायोंगने विचारलं, कोणाच्या बाजूनं गेलं? आणि मी म्हटलं, दित्सेच्या.

तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. तुला काम मिळेनासं झालं, तू मुलाकडे, नेस्तोरकडे, लुसेनाला निघून गेलीस, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की तूच रुसलीस. नऊ वर्षं मी लोकांच्या नजरेत बिचारी होते. लुंबानमधला सगळ्यात सुंदर हात मी घरी बसवला.

आज सकाळी मी चायोंगच्या दुकानात गेले. चार बायका चौकटीवर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सांगितलं. चायोंगने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नऊ वर्षांनी सांगतेस, सिमांग?"

"हात मोडायला लागला तेवढा उशीर."

"पुरिंगला सांगितलंस?"

मी म्हटलं, आज लिहिते. ती म्हणाली, मग माझ्यासमोर कशाला उभी आहेस, जा.

माझं चुकलं, दित्से. मी खोटं बोलले आणि ते तुझ्यावर टाकलं. मला क्षमा कर असं मागायचा मला हक्क आहे का माहीत नाही, पण मागते. लिहून टाकलं की अंग हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. फक्त आता माझ्या अंगात काय घट्ट आहे ते मला कळतं.

सिमांग

लुंबान, २० जून

दित्से,

तू पाच दिवस राहिलीस आणि काल गेलीस. परत येईन म्हणाली नाहीस, येणार नाही असंही म्हणाली नाहीस. समोर असताना हे बोलणं जमलं नाही, म्हणून लिहिते. आज मला व्यायामासाठी कोणी लिहायला सांगितलेलं नाही.

महिनाभर तुझं काही उत्तर आलं नाही. मी तेलाची बाटली उलटी करकरून बघायचे. जोवेलिनला सांगितलं, माझी बहीण मला माफ करणार नाही. ती उगाच धीर देत बसली नाही. म्हणाली, नाही करणार कदाचित, तुमचा हात तरी सुईवर परत आलाय. चायोंगने मोठं काम दिलं होतं, मी त्याच्या अर्ध्यावर बसून होते.

आणि मंगळवारी दारात तू. केस सगळे पांढरे, पिशवी तीच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, सरळ चौकटीपाशी गेलीस, दोन बोटं कापडावर टेकवलीस आणि नऊ वर्षांनी माझ्याशी पहिला शब्द बोललीस. "ढिलं आहे," म्हणालीस. मग चौकटीच्या खुंट्या आवळल्यास, स्टूल ओढलंस आणि समोर बसलीस. मी आत जाऊन रडून आले आणि तुला सांगितलं की कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता. तुला ते कळलं असणार, कारण तू संध्याकाळी बाजारातून कांदे घेऊन आलीस.

पाच दिवस आपण तांदूळ, मासे, नेस्तोरची बायको आणि चायोंगचा चष्मा यांवरच बोललो. त्या कापडाबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. पण माझी जाळी तू रोज उजेडात धरून बघायचीस, हे मी पाहिलंय. घरं चौकोनी होती. मी खूप समाधानात होते, दित्से, इतकी की मला भीती वाटायची.

काल तुझं सामान बांधून झालं होतं. गाडीला वेळ होता. तू खांदा चोळत होतीस, म्हणून मी म्हटलं, बस, तुला जोवेलिनचा व्यायाम शिकवते. तू म्हणालीस, ही कसली खुळं, पण बसलीस. डोळे मिटलेस. मी म्हटलं, मूठ आवळ. तू आवळलीस. किती जोरात, बोटांची पेरं पांढरी पडली. मी पाच मोजले आणि म्हटलं, सोड. तू सोडली नाहीस. मी पुन्हा म्हटलं, सोड ना, दित्से.

डोळे न उघडता तू म्हणालीस, "नऊ वर्षांचा राग आहे, सिमांग. तुझ्या पाच आकड्यांत सुटेल होय?"

अशा वेळी काय करायचं ते जोवेलिनने मला शिकवलेलं नाही. मी तुझी मूठ तशीच माझ्या दोन्ही हातांत घेतली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. पाच झाले की परत एक. तू हात ओढून घेतला नाहीस. दोनची गाडी गेली, तीनची गेली. चारच्या गाडीपर्यंत तुझी करंगळी तेवढी उघडली होती.

उरलेल्या बोटांसाठी परत ये.

सिमांग